असुकाच्या जागी झाडू

'स्वीट होम' हा खेळ मी पहिल्यांदा संपवला तेव्हा माझ्या पाच माणसांपैकी तीन जिवंत होती. दुसऱ्यांदा संपवला तेव्हा पाचही. दुसऱ्यांदा मी जास्त चांगला खेळलो असं नाही, लबाडी केली. कुणाचं त्यात काही गेलं नाही, तरी ती मला अजून आठवते. का आठवते ते सांगण्याआधी खेळ सांगावा लागेल, आणि खेळाच्या आधी कॅसेट.

इंदापूर तालुक्यात, उजनीच्या काठाला माझं आजोळ. मे महिन्यात बारामतीहून एसटीनं तिकडे गेलो की मी आणि मामेभाऊ, म्हणजे दादा, दिवसभर टीव्हीसमोर. टीव्हीला जोडायच्या त्या यंत्राला आम्ही नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो आणि त्यात खोचायच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला 'कॅसेट'. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असं लिहिलेलं असायचं आणि आत दहा-बारा खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भरलेले. चालली नाही की फुंकर मारायची. काँट्रामध्ये माझे जीव संपले की मी बटण दाबून दादाच्या शिल्लक जिवांतला एक उचलायचो. न विचारता. तो चिडायचा, पण कधी रिमोट हिसकावून घेतला नाही. (रिमोटच म्हणायचो आम्ही त्याला.) लाइट गेली की सगळं गेलं. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते आणि सेव्ह करणं ही गोष्ट आम्हाला माहीतच नव्हती.

ते यंत्र म्हणजे निंटेंडोच्या १९८३ सालच्या जपानी 'फॅमिकॉम'ची नक्कल होती, हे मला विशी उलटल्यावर कळलं. आमचं सगळं बालपण चोरीच्या मालावर गेलं म्हणायचं. त्याची फार लाज वाटत नाही. विकतचा खरा माल आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. पण त्याच यंत्रासाठी १५ डिसेंबर १९८९ला कॅपकॉम कंपनीनं 'स्वीट होम' काढला होता, आणि तो आमच्या जवळजवळ दहा लाख खेळांच्या कॅसेटमध्ये नव्हता, याची मात्र हळहळ वाटते. तसा तो असून उपयोग नव्हता. सगळा मजकूर जपानी, आणि खेळ असा की वाचल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. कंपनीनं तो जपानबाहेर कधी विकलाच नाही. पुढे हौशी लोकांनी त्याचं इंग्रजी केलं. तो मी फोनवर, एम्युलेटरमध्ये खेळलो.

गोष्ट अशी. मामिया नावाच्या चित्रकाराचं एक पडकं घर आहे. भिंतींवर त्यानं काढलेली चित्रं आहेत. त्यांचे फोटो घ्यायला पाच माणसं आत जातात आणि दार मागे बंद होतं. नारायण धारप वाचत मोठं झालेल्या माणसाला हा वाडा ओळखीचा वाटतो. कियोशी कुरोसावानं याच नावाचा सिनेमा त्याच वर्षी केला होता, खेळ त्यावर बेतलेला. घरात भूत आहे ते चित्रकाराच्या बायकोचं. तिचं लहान मूल कचरा जाळायच्या भट्टीत जळून मेलं, आणि त्याला सोबत हवी म्हणून तिनं दुसऱ्यांची मुलं जाळली. ही हकिगत खेळ सलग सांगत नाही. भिंतीवरचा मजकूर, कुणाची चिठ्ठी, मरायला टेकलेल्या माणसाचं अर्धं वाक्य, असे तुकडे हाताला लागतात. आठ-बिटच्या ठोकळ्यांत भीती कसली वाटणार, असं मला वाटलं होतं. वाटली. भुताची नाही तेवढी त्या 'सोबत हवी म्हणून'ची.

हा खेळ दिग्दर्शित केला तोकुरो फुजिवारानं. सात वर्षांनी आलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल'चं मूळ इथलंच. खोली बदलताना पडदा काळा होऊन एक दार सावकाश उघडतं, ती युक्ती आधी इथली. पण त्या वारशाचं कौतुक दुसऱ्यांनी पुष्कळ केलंय. मला बोलायचंय झाडूबद्दल.

पाच जणांकडे पाच वस्तू आहेत. काझुओकडे लायटर, अकिकोकडे औषधांची पेटी, तागुचीकडे कॅमेरा, एमीकडे किल्ली आणि असुकाकडे व्हॅक्यूम क्लीनर. लायटरनं दोर जळतो, किल्लीनं कुलूप निघतं, व्हॅक्यूमनं जमिनीवरच्या काचा उचलता येतात. एका टोळीत जास्तीत जास्त तिघं, म्हणजे पाच जणांच्या निदान दोन टोळ्या कराव्याच लागतात. आणि मेलेला माणूस परत येत नाही. त्या काळच्या बहुतेक रोल-प्लेइंग खेळांत देवळात किंवा धर्मशाळेत जाऊन मेलेल्याला उठवता यायचं. इथे देऊळ नाही, दुकान नाही. मेला तो मेला.

तरी खेळ अडत नाही. असुका मेली तर घरात कुठेतरी झाडू सापडतो. काझुओच्या जागी काडेपेटी, एमीच्या जागी तार. काम होतं. पण माणसाला त्याची ठरलेली वस्तू आणि हत्यार सोडून दोनच गोष्टी बाळगता येतात, आणि आता त्यातल्या एका जागी झाडू बसतो. म्हणजे मेलेल्याचं ओझं जगलेल्यांना शेवटपर्यंत वागवावं लागतं. एवढ्याशा नियमात त्या लोकांनी काय पकडलंय! माझ्या पहिल्या खेळात असुका गेल्यावर मी जवळजवळ महिनाभर तो झाडू इकडून तिकडे देत फिरत होतो, आणि दर वेळी औषधाची बाटली टाकू की झाडू टाकू असा प्रश्न पडला की तिची आठवण यायची. तिची म्हणजे कुणाची? सोळा ठिपके रुंदीच्या बाहुलीची. पण यायची.

आता त्रास. हा खेळ छळतो. चार पावलं टाकली की लढाई, पुन्हा चार पावलांवर लढाई. दोन टोळ्या म्हणजे प्रत्येक रस्ता दोनदा चालायचा. एकाच्या हातातलं दुसऱ्याला देण्यात निम्मा वेळ. खड्ड्यावर टाकायची फळी काही वेळा वापरली की मोडते आणि माणूस लोंबकळतो. मग दुसऱ्यानं जाऊन त्याला वर काढायचं. झुंबर पडायला लागलं तर काय करायचं ते क्षणात ठरवायचं, आणि बरोबर उत्तर काय हे आधी कळायला काही मार्ग नाही. औषधाच्या बाटल्या घरात मोजक्या. उधळल्यात तर शेवटाला बोंब. यातलं काही अवघड म्हणून चांगलं आहे आणि काही नुसतंच जुनं आहे. जुन्या खेळांचे भक्त या दोन्हींत फरक करत नाहीत, ते मला पटत नाही. चार पावलांवर लढाई यात काही तत्त्वज्ञान नाही, तो कंटाळा आहे.

पण एक गोष्ट मला अजून कुठे भेटली नाही. लढाईत सापडलात की 'हाक' मारता येते. हाक मारली की सूत्रं दुसऱ्या टोळीकडे जातात. ती घरात जिथे असेल तिथून तिला चालत यायचं असतं. वेळ मोजका. वाटेत दारं, काचा, खड्डे. पोचली तर लढाईत सामील, नाही पोचली तर नाही. मदत म्हणजे कुणीतरी जागेवरून उठून, अंतर कापून, वेळेत पोचणं. बाकी सगळ्या खेळांत मदत हे एक बटण असतं.

लबाडी आता सांगतो. या खेळात सेव्ह कुठेही करता येतं, तेवढी दया मूळचीच आहे. पण एम्युलेटरमध्ये त्याहून मोठी सोय असते. कुठलाही क्षण, लढाईच्या मध्यातलासुद्धा, गोठवून ठेवता येतो, असे हवे तितके. झुंबर डोक्यात पडलं, मागे जा. दुसऱ्या खेळात मी अशी पाचही माणसं वाचवली. आणि मध्येच एका रात्री, काही कारण नसताना, क्षण गोठवून असुकाला मरू दिलं. कशी मरते ते पाहायला. मग परत आणलं. मग दुसऱ्या प्रकारे मरू दिलं. चार वेळा. पहिल्या खेळात जिच्या झाडूनं मला महिनाभर छळलं तीच ही. पडद्यावरच्या बाहुलीला मारण्यात पाप आहे असं मी म्हणत नाही. तिला काही होत नाही. माझ्या बघण्याला काय झालं होतं, ते मात्र मला नंतर खटकलं. सगळं परत फिरवता येतं म्हटल्यावर माझं धाडस वाढलं नव्हतं. नुसती चौकशी वाढली होती, आणि तीही गारठलेली.

हे सगळं मला इतकं का लागावं, त्याला एक रात्र कारणीभूत आहे.

जानेवारी २०१९. गळीत हंगाम भरात. मी बारामतीत खोली घेऊन राहत होतो, एमआयडीसीत नोकरीला. रात्री साडेअकराच्या सुमाराला अंथरुणात पडून हाच खेळ खेळत होतो, पहिल्यांदाच. फोनवर खेळत असलो की फोन आल्यावर खेळ झाकला जातो. दादाचं नाव आलं. दादा रात्री फोन करायचा तो उसाला पाणी देताना. शेतीची लाइट रात्रीची असली की मोटर चालू करून बांधावर बसायचा आणि तासभर गप्पा मारायचा. मी फोन कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. त्या क्षणी मी खेळात हाक मारत होतो असं असतं तर लिहायला फार सोयीचं झालं असतं. तसं नव्हतं. मी अकिकोच्या हातातली बाटली तागुचीला देत होतो.

दादा शेतात नव्हता. बारामतीत मित्राच्या हळदीला आला होता, मला माहीत नव्हतं. परत जाताना भिगवण रस्त्यावर, बारामतीपासून दहा-बारा किलोमीटरवर, अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची गाडी गेली. ट्रॉलीला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. या भागात हंगामात राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. त्यानं मला दोनदा फोन लावला, मग मामाला लावला, मग फोन हातातून पडला. दुधाचा टेम्पो आला त्यानं त्याला उचललं, अर्ध्या-पाऊण तासानं. मी निघालो असतो तर पंधरा-वीस मिनिटांत पोचलो असतो. त्यानं काही फरक पडला असता का? घरचे म्हणतात, नाही. डॉक्टरांना मी कधी विचारलं नाही. उजवा हात वाचला, पण अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत पकड उरली नाही.

दवाखान्यात मामा पहिलं वाक्य बोलला ते, "आता ट्रॅक्टर कोण चालवणार?" तेव्हा मला त्याचा संताप आला होता. नंतर विचार केला. कष्टाच्या घरात माणसाची किंमत त्याच्या हातातल्या कामानं बोलून दाखवतात, कारण दुसरे शब्द नसतात. मी तरी खेळात एमीला का जपत होतो? ती काझुओची लेक म्हणून नाही, तिच्याकडे किल्ली होती म्हणून. मामाच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्या तर तेही नव्हतं.

चौथ्या दिवशी दादानं विचारलं, "झोपला होतास का रे?"

मी म्हटलं, "हो."

बर्नार्ड विल्यम्स नावाचा एक ब्रिटिश तत्त्वज्ञ होता. १९७६ साली त्यानं 'नैतिक नशीब' या विषयावर एक निबंध वाचला. त्यात एक ट्रकचालक आहे. त्याची काही चूक नाही, तरी त्याच्या चाकाखाली एक मूल येतं. बघणाऱ्या सगळ्यांना वाईट वाटतं, पण चालकाला वाटतं ते वेगळं असतं. आपण त्याला समजावतो की तुझा दोष नाही, ते योग्यही असतं. पण तो लगेच "खरंच की" म्हणून मोकळा झाला, तर आपल्यालाच त्याच्याबद्दल शंका येईल. विल्यम्सला त्या भावनेसाठी इंग्रजीत नवा जोडशब्द करावा लागला. मराठीत तो घरोघरी आहे. हळहळ बघणाऱ्याला वाटते. पश्चात्ताप चूक करणाऱ्याला होतो. आणि आपली धड चूकही नाही, पण हात आपला होता, तिथे असते ती रुखरुख. दातात अडकलेल्या बडीशेपेएवढी. जीभ सारखी तिथेच जाते.

फोन कट केला त्याची मला रुखरुख आहे. मला माहीत नव्हतं. तसे शंभर फोन आपण कट करतो आणि नव्याण्णवांचं काही होत नाही. त्या शंभरांत मी वाईट माणूस नव्हतो आणि या एकातही नव्हतो. पण "झोपलो होतो" हे मी सगळं माहीत असताना बोललो. तिथे नशीब मध्ये आणायला जागा नाही. आणि गंमत बघा, रात्री जाग येते तेव्हा आठवतात ते दोन कट केलेले फोन. खोटं बोललो ते क्वचितच आठवतं. मन गुन्ह्याच्या वजनानं मोजत नाही, परिणामाच्या वजनानं मोजतं. हे बरोबर आहे की नाही यावर विल्यम्स आणि त्याला उत्तर देणारा थॉमस नेगेल यांनी पुष्कळ डोकं लावलंय. मला त्यातून सुटका मिळाली नाही, पण आपण एकटेच असे नाही एवढं कळलं.

ऑनलाइन खेळणारी मंडळी पर्माडेथची फार थोरवी गातात. मेला तो मेला, तरच खरा खेळ, सेव्ह करून मागे जाणारे भित्रे. ही मर्दुमकी मला हास्यास्पद वाटते. ज्यांच्या आयुष्यात एका अवकाळीनं वर्ष जातं, त्यांना असल्या नियमाचं कौतुक नसतं. आमच्या आजीचं अख्खं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं, १९८०च्या आसपास. तिला कुणी 'मागे जा' असं बटण दिलं असतं तर तिनं क्षणाचा विचार केला नसता. मीही केला नसता. त्या रात्रीच्या साडेअकरावर परत जायला मिळालं तर मी पहिल्या रिंगला फोन उचलीन, आणि त्यात काही भित्रेपणा नाही.

मग अडतं कुठे? मागे जाऊन फोन उचलणारा मी कोण असेन, इथे अडतं. तो चांगला माणूस असेल असं नाही, त्याला फक्त उत्तर माहीत असेल. दुसऱ्या खेळात मी पाच जणांना वाचवलं तेव्हा शेवट बघताना मला काहीच वाटलं नाही. खेळात जिवंत माणसांच्या आकड्याप्रमाणे पाच वेगवेगळे शेवट आहेत. तीन वाचले तो शेवट मला अजून चित्रासारखा आठवतो. पाच वाचले तो परत बघावा लागला. आधी मला वाटायचं, खेळ मला शिक्षा करतोय. आता वाटतं, तो काहीतरी शिल्लक ठेवत होता. झाडू शिल्लक ठेवत होता. मी गोठवलेल्या क्षणांनी तो पुसला. माणसं वाचली आणि त्यांच्याशी माझा संबंध उरला नाही. याचा अर्थ असुका मेली ते बरं झालं, असा नाही. तसं म्हणणारा माणूस मला आवडणार नाही. मला या दोन्ही गोष्टी एकत्र बसवता आलेल्या नाहीत, एवढंच.

मागच्या मे महिन्यात आजोळी गेलो होतो. उजनीचं पाणी बरंच खाली गेलं होतं. अशा वेळी पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याबाहेर येतं आणि लोक बघायला जातात. आम्हीही गेलो. आजीसारखी माणसं मंदिर बघायला जात नाहीत, ती चिखलात जोत्याचे दगड शोधतात. येताना भिगवणला चिलापी खाल्ली आणि सावलीला बसलो. दादा म्हणाला, "तो जुना व्हिडिओ गेम मोबाईलवर मिळतो म्हणे आता." मी काँट्रा काढला. त्याच्या उजव्या अंगठ्यानं बटण दबेना. मग डावीकडची दिशा त्यानं आणि उजवीकडची बटणं मी, असा फोन दोघांनी मिळून धरला. काँट्राला ते जमेना, फार जलद. म्हणून 'स्वीट होम' काढला, त्यात घाई नसते.

अर्ध्या तासात असुका मेली. मी म्हटलं, "थांब, मागे जाता येतं, मी आधीच ठेवून दिलंय."

"कशाला?" तो म्हणाला. "हिच्या ऐवजी दुसरं काय मिळत नाही का?"

"झाडू मिळतो."

"मग झाडू घेऊ की."

आम्ही झाडू शोधायला निघालो. तो चालवत होता, मी दारं उघडत होतो. पडद्यावरून नजर न काढता त्यानं विचारलं, "हे कधीपासून खेळतोयस?"

"झाली पाच-सहा वर्षं."

"रात्रीचं?"

"रात्रीचंच."

तो काही बोलला नाही. समोर दार आलं होतं. त्याचा अंगठा थांबला, मी बटण दाबेपर्यंत.